आनंदीबाईंच्या रक्षेचे विश्वस्त



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीला प्रथम वंदन करतो. मराठीच्या प्राध्यापकाला बोलावले म्हणजे तो संतकाव्यावर नाही तर कादंबरीवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी आज बोलणार आहे ते एका दफनभूमीच्या कारभाराविषयी. तिचे विश्वस्त, त्यांच्या वह्या, त्यांची ठेव आणि तिथले गवत यांविषयी. विषय शाळेच्या सभागृहात थोडा अनोळखी वाटेल. परंतु स्मृतिव्याख्यानांत आपण नेहमी गेलेल्या माणसाविषयी बोलतो. त्याची आठवण ज्या जागेत ठेवली आहे ती जागा रोज कोण झाडतो आणि त्याचा पगार कुठून येतो, हे आपण सहसा विचारीत नाही. आज तेवढेच विचारावे असे मनात आहे.

प्रारंभ मात्र आपल्याच माणसापासून करतो. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपणांस ठाऊक आहे. जन्म ३१ मार्च १८६५. एप्रिल १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, कलकत्त्याहून त्या अमेरिकेस निघाल्या. न्यू जर्सीतील रोझेल या गावी थिओडोशिया कार्पेंटर या बाईंच्या घरी त्या उतरल्या, आणि त्या बाईंना त्या मावशी म्हणू लागल्या. मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात त्यांची नेमणूकही झाली. परंतु त्या परतल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची बावीस वर्षे पुरी व्हायला महिना उरला होता.

श्री. ज. जोशी यांच्या कादंबरीने, त्यावरील नाटकाने आणि इ.स. २०१९ च्या चित्रपटाने इथवरची कथा घराघरांत पोहोचविली. पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. आनंदीबाईंची रक्षा अमेरिकेत कार्पेंटर मावशींकडे पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या काठच्या पोकीप्सी या गावी, त्या बाईंच्या माहेरच्या कुटुंबाच्या दफनजागेत ती ठेवली गेली. भूखंड क्रमांक २१६-अ. वर एक दगड आहे. त्यावर नाव, पदवी, १८६५ व १८८७ ही दोन वर्षे, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडून आलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशा आशयाची ओळ आहे.

आपल्या रीतीप्रमाणे रक्षा वाहत्या पाण्यात सोडायची असते. दगड ठेवावयाचा तो राजाला, संताला किंवा संन्याशाला. एका पोस्टातील कारकुनाच्या बायकोला दगड कोण ठेवणार? तो ठेवला गेला सात समुद्रांपलीकडे, आणि आज सव्वाशे वर्षे उलटून गेली तरी कोणी मराठी माणूस तिथे गेला तर कचेरीतील नोंदीवरून त्याला जागा दाखविता येते. शुक्र ग्रहावरील एका विवरालाही आनंदीबाईंचे आडनाव देण्यात आले आहे. त्या विवराची एक सोय अशी की त्याला देखभाल लागत नाही. पोकीप्सीच्या भूखंडाला लागते.

ही जागा त्यांना मिळू शकली कशी, हे समजून घेण्यासाठी जरा मागे जावे लागेल. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेत मृतांना पुरण्याची जागा म्हणजे बहुधा चर्चचे आवार. शहरे वाढली तशी ही आवारे भरून वाहू लागली. न्यूयॉर्क शहराने १८२३ मध्ये दाट वस्तीच्या भागात नव्या दफनांवर बंदी घातली. १८३२ च्या पटकीने उरलेसुरले भान आणले. बॉस्टनजवळ १८३१ मध्ये माउंट ऑबर्न ही शहराबाहेरची, झाडाझुडपांची, वळणावळणाच्या रस्त्यांची दफनभूमी निघाली आणि तिचे अनुकरण देशभर झाले. यांना तिकडे ‘रूरल सेमेटरी’ म्हणत. शब्दशः ‘ग्रामीण’, पण आपण तिला ‘उपवन’ म्हणू, कारण सार्वजनिक बागा निघण्यापूर्वी लोक रविवारी तिथे फिरावयास जात असत.

झाडांपेक्षाही महत्त्वाचा बदल मालकीत झाला. उपवन चर्चचे नव्हते. न्यूयॉर्क राज्याने १८४७ मध्ये अशा दफनभूमी-मंडळांसाठी एक कायदा केला. किमान सात जणांनी एकत्र यावे, मंडळ स्थापावे, सहा ते बारा विश्वस्त निवडावेत, दोनशे एकरांपर्यंत जमीन घ्यावी, तिचे भूखंड पाडून विकावेत. जो भूखंड घेईल तो मंडळाचा मतदार. भूखंडांच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेचा निदान अर्धा भाग प्रथम जमिनीची किंमत फेडण्याकडे आणि ती फिटल्यावर जागेच्या जतनाकडे व सुशोभनाकडेच लागला पाहिजे. जमिनीवर कर नाही. कर्जापायी ती जप्त होणार नाही. एकदा भूखंडात दफन झाले की त्याचे तुकडे करून विकता येणार नाहीत. मला सर्वांत आवडलेले कलम विश्वस्तांच्या मुदतीचे आहे. त्यांचे तीन गट पाडावेत आणि दरवर्षी एका गटाने निवृत्त व्हावे. म्हणजे ज्या वर्षी सगळे नवखे आहेत असे वर्ष येत नाही, आणि ज्या वर्षी सगळे जुनेच आहेत असेही वर्ष येत नाही. आपल्याकडे विश्वस्त निवृत्त होत नाहीत, ते दिवंगत होतात. मंडळातील ज्येष्ठांनी क्षमा करावी. मीही काही संस्थांवर आहे.

पोकीप्सीची दफनभूमी याच कायद्याच्या छायेत, १८५३ पासून सुरू झाली. तिच्या आरंभाच्या कथेत मॅथ्यू व्हासर नावाचा एक बिअर गाळणारा धनिक येतो. गावाला दफनभूमी हवी म्हणून नागरिकांची समिती नेमली गेली, तिचा हा अध्यक्ष. १८५० मध्ये त्याने त्यासाठी एक मळा विकत घेऊन ठेवला. पुढे समितीने दुसरीच जागा पसंत केली, तेव्हा त्या मळ्याची त्याने स्वतःची वाडी केली. ह्याच व्हासरने १८६१ मध्ये स्त्रियांसाठी महाविद्यालय स्थापन केले. २३ जून १८६८ रोजी त्या महाविद्यालयाच्या विश्वस्तांपुढे निरोपाचे भाषण वाचत असताना मध्येच त्याचा प्राण गेला. विश्वस्तांच्या सभा लांबतात हे आपण अनुभवतो, परंतु इतक्या टोकाचे उदाहरण दुसरे माझ्या वाचनात नाही. तोही त्याच उपवनात आहे. स्त्रियांचे महाविद्यालय काढणारा मद्यगाळ आणि वैद्यकीची पदवी घेणारी कल्याणची मुलगी एकाच आवारात यावीत, हा योग कोणी जुळवून आणलेला नाही. भूखंडांच्या नोंदवहीने तो घडविला.

जागा चर्चची असती तर धर्म न बदललेल्या हिंदू स्त्रीच्या रक्षेचा प्रश्न पाद्र्यांपुढे गेला असता, आणि त्यांनी काय म्हटले असते हे सांगता येत नाही. इथे भूखंड एका कुटुंबाचा होता, कुटुंबाला ती मुलगी आपली वाटत होती, आणि मंडळाचे काम नोंद करण्याचे होते. आनंदीबाईंनी अमेरिकेत धर्म बदलला नाही म्हणून आपण त्यांचा गौरव करतो तो योग्यच आहे. परंतु धर्म न बदलता तिथे कायमची जागा मिळण्यामागे एका रुक्ष कायद्याचाही हात होता. रक्षा आली त्या काळी अमेरिकेत दहन हीच नवलाई होती. तिथले पहिले आधुनिक दाहगृह पेनसिल्व्हेनियात १८७६ मध्ये निघाले, म्हणजे आनंदीबाई त्या राज्यात शिकावयास जाण्यापूर्वी अवघी सात वर्षे.

आता हिशेबाकडे वळतो. विद्यार्थ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. गणित सोपे आहे.

दफनभूमीचे उत्पन्न एकदाच येते आणि खर्च कायमचा असतो. भूखंड विकला, पैसे आले. त्यानंतर गवत दरवर्षी वाढणार, झाडे मोडणार, रस्ते खचणार, कुंपण पडणार. पुन्हा भूखंड मोजकेच. जसजसे उपवन भरत जाते तसतसे उत्पन्न आटते, आणि सांभाळावयाची जागा तेवढीच राहते. पूर्ण भरलेली दफनभूमी म्हणजे उत्पन्न शून्य आणि जबाबदारी पुरी. शाळेत निदान दरवर्षी नवी मुले येतात! यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे येणाऱ्या पैशातील काही भाग बाजूला ठेवून त्याचे फक्त व्याज खर्च करणे. न्यूयॉर्कच्या कायद्याने पुढे हे सक्तीचे केले. आज तेथील मंडळांना भूखंडाच्या किमतीचा दहा टक्के भाग कायम देखभाल निधीत टाकावा लागतो, शिवाय प्रत्येक दफनामागे एक ठराविक रक्कम. मुद्दलाला हात लावावयाचा नाही. १९४९ पासून या सर्वांवर राज्याचे एक दफनभूमी मंडळ देखरेख ठेवते आणि त्याच्याकडे वर्षाचा हिशेब द्यावा लागतो.

दहा टक्के पुरतात का? समजा, भूखंड शंभर रुपयांचा. ठेव दहा रुपये. व्याज पाच टक्के. म्हणजे वर्षाला आठ आणे. आठ आण्यांत त्या भूखंडावरचे गवत किती वेळा कापून होईल? ज्या वर्षी ठेव ठेवली त्या वर्षी कदाचित होईल. पन्नास वर्षांनी माळ्याचा रोज दसपट होतो आणि व्याज आठ आणेच राहते. शंभर वर्षांपूर्वी ‘कायम देखभाली’चा शब्द देऊन घेतलेल्या ठेवी आज किती अपुऱ्या आहेत हे जुन्या दफनभूमीच्या कोणत्याही कोषाध्यक्षाला विचारावे. त्यात इ.स. २०१५ च्या सुमारास अमेरिकेत दहनांची संख्या दफनांपेक्षा अधिक झाली. म्हणजे नवे भूखंड घेणारेही कमी झाले. विश्वस्तांची खरी अक्कल इथे लागते. व्याज सगळे खर्च करायचे की थोडे मुद्दलात मिळवायचे? यंदा रस्ता करायचा की यंदा गवत दोनदा कमी कापायचे?

मुद्दल राखून व्याज खाण्याची ही कल्पना पाश्चात्त्यांची आहे असे मात्र समजू नये. नाशिकच्या लेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या गुंफेत, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा प्राकृत शिलालेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ दिली. त्यांपैकी २००० गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. रक्कम परत मागावयाची नाही, व्याजच भोगावयाचे. दोन हजारांचे महिन्याचे व्याज वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. बेरीज बरोबर जुळते. आणि हे सारे नगराच्या सभेत वाचून दाखविले, फलकावर नोंदविले, असेही तो लेख सांगतो. दान, गुंतवणूक, विनियोग, जाहीर वाचन आणि नोंद, म्हणजे आजचा कोणताही धर्मादाय आयुक्त ज्या पाच गोष्टी मागतो त्या पाचही त्यात आहेत. कोष्ट्यांची श्रेणी गेली, भिक्षू गेले. दगडावरचा हिशेब तेवढा राहिला.

विश्वस्त नसले म्हणजे काय होते, याचे उदाहरण इंग्लंडातील ब्रिस्टल येथे आहे आणि तेही एका भारतीय नावाशी जोडलेले. राजा राममोहन रॉय २७ सप्टेंबर १८३३ रोजी त्या शहरात वारले. ख्रिस्ती भूमीत आपणास पुरू नये अशी त्यांची इच्छा होती. म्हणून ज्या घरी ते होते तिथल्या बागेत, झाडांखाली, कोणताही ख्रिस्ती विधी न करता त्यांना ठेवण्यात आले. पुढे आर्नोस व्हेल ही नवी दफनभूमी निघाली, आणि १८४३ मध्ये द्वारकानाथ टागोरांनी त्यांचा देह तिथे हलवून वर आपल्या पद्धतीची दगडी छत्री बांधविली. द्वारकानाथ स्वतः तीनच वर्षांनी लंडनमध्ये वारले. ते तेथील केन्सल ग्रीन दफनभूमीत आहेत.

आर्नोस व्हेल ही सुमारे ४५ एकरांची जागा १८३७ च्या कायद्याने स्थापिलेल्या एका कंपनीची होती. कंपनीला भागधारक असतात. भूखंड विकले जात होते तोवर सर्व ठीक चालले. जागा भरत आली, उत्पन्न आटले, आणि राहिलेल्या जमिनीकडे निराळ्या नजरेने पाहिले जाऊ लागले. १९८० नंतरच्या दशकात त्या जमिनीच्या काही भागावर बांधकाम करण्याचा बेत पुढे आला. कबरींवर झाडे माजली, प्रार्थनागृहांची छपरे गेली. १९९८ मध्ये तेथील दाहगृह बंद झाले आणि दरवाजेच बंद होण्याची वेळ आली. तेव्हा गावातील सामान्य माणसे पुढे सरसावली. त्यांनी लढून दरवाजे उघडे ठेवले आणि स्वतःच्या हातांनी झुडपे तोडली. अखेर २००३ मध्ये नगरपालिकेने ती जागा सक्तीने संपादन केली. आज ती एका धर्मादाय न्यासाकडे आहे. लॉटरीच्या वारसानिधीतून सुमारे ४८ लाख पौंड मिळाले तेव्हा इमारती सावरल्या, आणि राममोहनांच्या छत्रीचीही डागडुजी झाली.

कंपनीचे लोक दुष्ट होते असे मी म्हणत नाही. भागधारकाचे कर्तव्य नफ्याशी असते आणि भरलेल्या दफनभूमीत नफा नसतो, एवढेच. त्याला विचारणारा मतदारही तिथे पुरलेल्यांच्या कुळातला नसतो. न्यूयॉर्कच्या कायद्याने मतदार भूखंडधारकच केला तो यासाठी. अर्थात तिथेही भूखंडधारक मरतात, नातवंडे कॅलिफोर्नियास जातात, वार्षिक सभेला मूठभर लोक येतात आणि विश्वस्त एकमेकांनाच निवडतात. एखादे मंडळ अगदीच मोडकळीस आले तर ती जागा शेवटी स्थानिक स्वराज्य संस्थेच्या गळ्यात पडते. असे होते, आणि वरचेवर होते.

आणखी एक बारीक गोष्ट. अशा दफनभूमीत गवत मंडळाचे असते, पण दगड कुटुंबाचा. दगड कलला, भेगाळला, तर तो उभा करणे हे वारसांचे काम. वारस नसतील तर? न्यूयॉर्क राज्यात प्रत्येक दफनामागे एक लहान रक्कम राज्याच्या निधीत जमा होते आणि तीतून विद्रूप केलेले किंवा कोसळू पाहणारे दगड सावरता येतात. पण प्रत्येक जुना दगड त्या निधीला पुरा पडणार नाही. आनंदीबाईंचे एकुलते मूल जन्मल्यावर अवघ्या काही दिवसांत गेले. त्यांना वारस नाही. त्या दगडाचा वारस कोण, हा प्रश्न आपण मराठी माणसांनी विश्वस्तांना विचारण्यापूर्वी स्वतःला विचारावा असे मला वाटते. चित्रपटाची तिकिटे आपण काढली, पुतळ्यांची मागणी आपण करतो. पोकीप्सीच्या देखभाल निधीला देणगी पाठविण्याचे आपल्यापैकी किती जणांना सुचले असेल?

इंदूरला छत्री म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या पाहात आपण लहानाचे मोठे झालो. विश्वस्त हा शब्दही इथे केवळ कायद्याच्या पुस्तकातला नाही. देवी अहिल्याबाईंच्या धर्मादायांसाठी, म्हणजे देशभर विखुरलेली मंदिरे, घाट आणि धर्मशाळा यांसाठी, १९६२ मध्ये खासगी ट्रस्ट झाला. त्याच्या मालमत्तांच्या व्यवहारांवरून दीर्घ वाद झाला आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. त्या मालमत्ता राज्य सरकारच्या नव्हेत. मात्र मध्यप्रदेशचा १९५१ चा सार्वजनिक न्यास कायदा या ट्रस्टला लागू आहे, आणि पूर्वसंमतीवाचून झालेल्या हस्तांतरणांकडे निबंधकांनी पाहावे. वादात शिरण्याचा मला अधिकार नाही. परंतु या कायद्याचे जे कलम त्यात पुढे आले, निबंधकांच्या पूर्वपरवानगीविना स्थावर विकू नये हे, त्याचा आत्मा १८४७ च्या न्यूयॉर्कच्या कलमाहून निराळा नाही. जे आपल्या हाती सोपविले आहे ते आपले नव्हे. अहिल्याबाईंनी खासगीच्या उत्पन्नातून हे धर्मादाय चालविले. आज त्या उत्पन्नाच्या जागी व्याज आहे, भाडे आहे आणि ते खर्चणारी माणसे आहेत.

आता या व्याख्यानमालेविषयी दोन शब्द, कारण तीही एक कायम ठेवच आहे. माजी विद्यार्थ्यांनी ती उभारली आणि तिच्या व्याजातून व्याख्यात्याचे मानधन व ही पुस्तिका निघते, असे कार्यवाहांनी सांगितले. मानधन मी ठेवीतच परत करीत आहे, त्याचा गाजावाजा नको. दोन सूचना मात्र करतो. ठेवीचे मूळ पत्र, दात्यांची यादी आणि आजवरच्या व्याजाचा विनियोग एका पानावर छापून पुस्तिकेच्या शेवटी दरवर्षी द्यावा. नाशिकच्या सभेत वाचून दाखविला होता तसा. आणि शाळेची जुनी दाखल-खारीज रजिस्टरे, ज्यांची पाने आता तुटू लागली असतील, त्यांच्या प्रती काढून दोन निरनिराळ्या जागी ठेवाव्यात. पोकीप्सीला गेलेल्या माणसाला जागा सापडते ती २१६-अ या नोंदीमुळे. ही वही कोणी तरी १८८७ नंतर पुन्हा पुन्हा उतरवून घेतली असणार. उतरवून घेणाऱ्याचे नाव कोणत्याही दगडावर नसेल.

प्रश्न असतील तर अध्यक्षांच्या अनुमतीने अवश्य विचारावेत.